दंगल : कायद्यातल्या एका वाक्याचे रसग्रहण

कायद्याचे पुस्तक रस घेत वाचण्यासाठी सहसा कोणी उघडत नाही. गरज पडली की उघडायचे, भागली की मिटायचे. तरीही भारतीय दंड संहितेच्या आठव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी, कलम १५९ मध्ये, सावकाश वाचावे असे एक वाक्य होते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते वाक्य कलम १९४ च्या पहिल्या पोटकलमात जवळजवळ जसेच्या तसे येऊन बसले. त्याचा आशय एवढाच : दोन किंवा अधिक माणसे सार्वजनिक जागी आपापसात लढून सार्वजनिक शांतता बिघडवतात, तेव्हा ती ‘दंगल’ करतात असे म्हणायचे. मूळ इंग्रजी शब्द ‘अफ्रे’. मराठी अनुवादाने त्याला दंगल म्हटले, हिंदी अनुवादाने दंगा.

फरीदाबादेत हे वाक्य वाचताना हे दोन्ही शब्द अडखळायला लावतात. इथली न्यायालये सेक्टर बारामध्ये आहेत आणि तिथल्या हिंदी संहितेत जमावाच्या हिंसेला ‘बल्वा’ व दोघातिघांच्या रस्त्यावरच्या मारामारीला ‘दंगा’ म्हणतात. न्यायालयाच्या बाहेर, हरियाणाच्या गावोगाव, दंगल म्हणजे कुस्त्यांचे मैदान. माती, ढोल, इनाम आणि आखाड्याभोवती दाटलेली माणसे. २०१६ च्या ‘दंगल’ चित्रपटाने तो अर्थ साऱ्या देशाला ओळखीचा केला. याच शहराचा एनआयटी नावाचा भाग, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउन, फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माईल खान या भागांतून, आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून उभा केला. त्या घरांमधून ‘दंगे’ हा शब्द निघाला तर तो १९४७ बद्दलच असतो. घरदार सोडायला लावणारी ती आग आणि चौकात दोघांनी एकमेकांच्या धरलेल्या कॉलरी, या दोन्हींना कायद्याची आणि लोकांची हिंदी एकच नाव देते.

मराठीतला गुंता याहून गमतीचा नाही, गंभीरच आहे. बोलण्यात पोरांचा असतो तो दंगा, आणि शहर पेटते ती दंगल. मुंबईच्या १९९२-९३ च्या हिंसाचाराला आपण दंगलच म्हणतो. कायद्याच्या मराठीत नेमके उलट आहे. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदेशीर जमावाने समान उद्देशाने केलेली हिंसा म्हणजे दंगा. तिला दोन वर्षांपर्यंत कैद. दोघांची मारामारी म्हणजे दंगल. तिला फार तर एक महिना. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला कलम १५९ मधली दंगल म्हणूनच ओळखू येत नाही, आणि ती ओळखू न आल्यामुळे या वाक्यातला मोठा विचार त्याच्या नजरेतून निसटतो. विचार असा की रस्त्यावर दोघे भांडतात तेव्हा सर्वांत आधी इजा होते ती न भांडणाऱ्यांना.

‘अफ्रे’च्या पोटात हा विचार आधीपासूनच आहे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याच्या क्रियापदाचा अर्थ घाबरवणे, खळबळ उडवणे असा होता. त्याच्याही मागे गेले की लोकांच्या बोलीतल्या लॅटिनचे एक रूप सापडते, अर्धे लॅटिन आणि अर्धे जर्मन वंशाचे : ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि फ्रँक लोकांच्या भाषेतला ‘फ्रिडू’ म्हणजे शांतता. आजच्या जर्मन भाषेत शांततेला म्हणतात तो ‘फ्रीडे’ त्याच कुळातला. म्हणजे शब्दाचा गाभा ‘शांततेच्या बाहेर काढणे’ असा. भ्यालेला या अर्थी इंग्रजीत रोज वापरला जाणारा ‘अफ्रेड’ हा याच क्रियापदापासून झालेला आहे. ज्याला शांततेच्या बाहेर काढले तो भ्यालेला. एकाच मुळातून दोन फांद्या फुटल्या, एक शांततेची आणि दुसरी भीतीची. पुढे या कायद्याचा जो इतिहास घडला तो या दोन फांद्यांमधल्या निवडीचा इतिहास आहे.

ही शांतता कोणाची, हा प्रश्न जुन्या इंग्लंडमध्ये फार खरा होता. घराला घराची शांतता होती, चर्चला चर्चची, राजाला राजाची. प्रत्येकाची हद्द वेगळी, मोडल्याचा दंडही वेगळा. राजाची शांतता आरंभी राजा असेल तिथपुरती होती. मग ती काही मोठ्या रस्त्यांवर पसरली. चार राजमार्ग असे होते की त्यांवर कोणी कोणावर हात उगारला तर तो थेट राजाचा अपराध ठरे. शतकानुशतके पसरत पसरत ती अख्ख्या राज्याची झाली. तरी ती होती राजाचीच. राजा मेला की नवा राजा येईपर्यंत ती शांतताही संपली, असे एके काळी मानत. आपल्याकडे हा विचार अगदीच परका नव्हता. जुन्या मराठीत ‘दुराही’ असा एक शब्द होता. राजाच्या नावाने दुराही दिली की चालू असलेले कृत्य तिथल्या तिथे थांबवावे लागे. दोघांच्या तंट्यामध्ये तिसऱ्या सत्तेचे नाव उभे करण्याची ही रीत इंग्रजांच्या ‘राजाच्या शांतते’ची जवळची नातेवाईक वाटते.

इंग्रजी कायद्याचे थोर भाष्यकार विल्यम ब्लॅकस्टन यांनी आपल्या ग्रंथाच्या १७६९ मध्ये आलेल्या चौथ्या खंडात अफ्रेची व्याख्या केली, तेव्हा भीतीची फांदी धरली. शब्द घाबरवण्याच्या क्रियापदातून आला आहे हे त्यांनी नोंदवले, आणि राजाच्या प्रजेला दहशत बसेल अशी सार्वजनिक जागेतली दोघांची किंवा अधिकांची लढाई, असा त्याचा अर्थ सांगितला. हीच मारामारी खासगी जागेत झाली तर ती अफ्रे नव्हे, साधा हल्ला. लढणारे दोघे, पाहणारी प्रजा आणि प्रजेचा धनी राजा, असे तीन पक्ष त्या व्याख्येत आहेत.

फरीदाबादच्या भूमीवर हा शब्द ज्या वाटेने आला तिच्यात एक मराठी वळण आहे. दिल्लीच्या आसपासचा मुलूख दौलतराव शिंद्यांच्या हातून कंपनी सरकारकडे गेला तो ३० डिसेंबर १८०३ च्या तहाने, आणि तो तह झाला आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी अंजनगावी. फरीदाबादला लागून असलेल्या बल्लभगडचे राजा नाहरसिंह १८५७ च्या उठावात उतरले. ९ जानेवारी १८५८ ला त्यांना चांदणी चौकात फाशी दिले गेले. इथल्या मेट्रो मार्गाच्या शेवटच्या स्थानकाला आज त्यांचे नाव आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच तयार केलेला दंड संहितेचा मसुदा दोन दशके रखडला होता. उठावानंतर त्याला वेग आला, ६ ऑक्टोबर १८६० ला संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली.

ती मंजूर करणाऱ्यांच्या मनात नुकत्याच झालेल्या उठावाची धास्ती असणार, हे उघड आहे. म्हणून कलम १५९ वाचताना मी दर वेळी थबकतो. ब्लॅकस्टनच्या व्याख्येतला राजा इथे नाही. त्याची प्रजा नाही. दहशतही नाही. ‘सार्वजनिक’ हे विशेषण मात्र दोनदा येते, एकदा जागेला आणि एकदा शांततेला. परक्या सत्तेने लिहिलेल्या या ओळीत शांततेची मालकी राणीकडे न ठेवता ‘सर्वजनां’कडे दिली आहे. लिहिणाऱ्यांचा हेतू काहीही असो, शब्द कागदावर उतरले आणि उरले. १९४७ मध्ये सत्ता बदलली, १९५० मध्ये संविधान आले, २०२३ मध्ये नवी संहिता संसदेने मंजूर केली. या वाक्यातले एक अक्षरही लाज वाटून बदलावे लागले नाही. ज्या संहितेत राजद्रोहाचे कलम होते तिच्यातच इतकी लोकांची अशी ओळ सापडावी, याचे मला अप्रूप वाटते.

आता वाक्याच्या आत शिरू. पहिला शब्द ‘दोन’. बेकायदेशीर जमावाला पाच माणसे लागतात, इथे दोनच पुरतात. फरक मात्र संख्येपुरता नाही. दंग्यातली माणसे एकाच बाजूला तोंड करून उभी असतात. त्यांचा समान उद्देश हा गुन्ह्याचा कणा आहे. दंगलीतली माणसे एकमेकांकडे तोंड करून उभी असतात. त्यांच्यात समान काहीच नसते. आणि तरीही वाक्याचा कर्ता ‘ते’ आहे. ‘ते दंगल करतात.’ जे दोघे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत त्यांना व्याकरणाने एका सर्वनामात बांधून टाकले आहे. भांडणाऱ्याला नेहमी वाटते की कृती समोरच्याची, आपले ते नुसते उत्तर. हे वाक्य ते मान्य करत नाही. रस्त्याच्या कडेला मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या बाईच्या नजरेने ते पाहते, आणि तिथून दोघांनी मिळून एकच गोष्ट केलेली दिसते.

याच ठिकाणी हे सर्वनाम अन्यायही करू शकते. एकाने मारले आणि दुसऱ्याने फक्त स्वतःला वाचवले, तर दोघांना ‘ते’ म्हणायचे का? कायद्याचे उत्तर स्वच्छ आहे : नाही. लढणे ही दोघांनी करायची क्रिया आहे. एक मारतो आणि दुसरा मुकाट सोसतो तिथे हल्ला आहे, दंगल नाही. आणि स्वतःच्या बचावासाठी मर्यादेत राहून उगारलेला हात गुन्ह्याच्या बाहेर ठेवण्याची तजवीज जुन्या संहितेत कलम ९६ ने केली होती, नव्या संहितेत कलम ३४ ने केली आहे. वाक्य निर्दोष आहे. ते लावणारा हात घाईत असेल तर दोष तिथे येतो. दोन्ही बाजूंना एकाच कागदावर घेणे ठाण्याला सोपे जाते. कोणी आधी मारले, कोण सुटायला पाहत होता, हे विचारायला वेळ लागतो. तो वेळ दिला पाहिजे, कारण ‘लढून’ या शब्दाची तशी अट आहे.

त्या ‘लढून’कडे वळू. इंग्रजी अमलात, १९३७ मध्ये, अवधच्या मुख्य न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. दोन भाऊ भर रस्त्यात एकमेकांना शिव्या देत होते. मोठी गर्दी जमली, रहदारी तुंबली. हातापायी मात्र झाली नाही. न्यायालय म्हणाले, ही दंगल नव्हे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आवाज चढला, लोक थांबले, गाड्या अडल्या, म्हणजे शांतता भंगली असे आपण सहज म्हणू. पण ‘लढून’ हा शब्द मध्ये उभा राहतो आणि बोलणाऱ्याला वाचवतो. कडू बोलायला, मोठ्याने बोलायला, अगदी वाईट बोलायलाही या कलमाखाली अटक नाही. त्यासाठी दुसरी कलमे असतील, त्यांच्या अटी वेगळ्या असतील. इथे हात उठला पाहिजे.

उलट बाजूने पाहा. हात उठला, दोघे झोंबले, शेकडो लोकांनी पाहिले, जागा सार्वजनिक, तरीही दंगल नाही, असे होऊ शकते का? बल्लभगडच्या बाजूला एखाद्या जत्रेत कुस्त्या लागतात तेव्हा अगदी हेच होते. तिथे झोंबी आहे आणि शांतताही आहे. पंच आहे, नियम आहेत, चीत झालेला उठून जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो. हरियाणवी दंगल ही कायद्यातली दंगल नाही ती एवढ्याचसाठी की वाक्य ‘लढणे’पाशी संपत नाही, ‘लढून बिघडवणे’ असे ते आहे. इंग्लंडच्या न्यायाधीशांना हा प्रश्न १८८२ मध्ये कोनी खटल्यात पडला. उघड्या मुठींनी पैजेवर खेळल्या जाणाऱ्या झुंजी दोघांच्या संमतीनेच होत. संमती असली तरी त्या बेकायदेशीर आहेत, असे तिथे ठरले. अशा झुंजींनी सार्वजनिक शांतता धोक्यात येते, हे त्यामागचे एक कारण होते. दोघांची राजीखुशी पुरत नाही, कारण जे मोडते ते दोघांच्या मालकीचे नसते. कुस्तीच्या फडात लोक शांततेच्या बाहेर जात नाहीत. उलट हजार माणसे एका मातीभोवती नियमाने बसतात.

‘सार्वजनिक जागा’ हा शब्द फरीदाबादसारख्या शहरात विशेष अर्थाने भरतो. मथुरा रोड, बाटा चौक, नीलम चौक, बडखल चौक. सकाळी कारखान्यांच्या पाळ्या सुटताना आणि लागताना इथे जी माणसे एकमेकांना घासून जातात त्यांची गावे, भाषा, जाती, देव एकमेकांना ठाऊक नसतात. सरहद्दीकडून आलेल्यांची नातवंडे, आसपासच्या गावांतले गुर्जर आणि जाट, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, बंगाली, मल्याळी, आणि मोजकी मराठी घरे. खेड्यात भांडण सोडवायला ओळख धावून येते. काका, मामा, पाटील, सरपंच कोणीतरी मध्ये पडतो. अनोळखी लोकांच्या शहरात ओळखीची जागा ही शांतता घेते. मोटारीला मोटार घासली तर समोरच्या अनोळखी माणसाशी आपण बोलू शकू, आणि त्या दोघांच्या बाजूने स्कूटरवरची मुलगी न घाबरता निघून जाईल, या भरवशावर चौक चालतो. पार्किंगवरून दोघे हातघाईवर येतात तेव्हा तो भरवसा मोडतो. दोघांपैकी कोणाला किती लागले हे दुखापतीच्या कलमात मोजतात. स्कूटरवरच्या मुलीने वाट बदलली, हे फक्त या कलमात मोजता येते.

म्हणूनच या गुन्ह्यात फिर्याद द्यायला जखमी माणूस लागत नाही. महाराष्ट्रातल्या ठाण्यांच्या कागदांत एक ठरलेले वाक्य भेटते : अमुक इसम सार्वजनिक ठिकाणी आपापसात झुंज करताना मिळून आले. फिर्यादी बहुधा गस्तीवरचा पोलीस शिपाईच असतो, सरकारतर्फे. ‘झुंज’ हा शब्द मला अनुवादातल्या ‘दंगल’पेक्षा अधिक नेमका वाटतो, त्यात दोघे आहेत, समोरासमोर आहेत, आणि शहर पेटल्याची भलती सावली नाही. हरियाणात आणि दिल्लीत पोलीस पुष्कळदा याच्या आधीच्या पायरीवर थांबतात. शांतता राखण्याचा जामीन घेण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे जो कागद पाठवतात त्याला तिकडे ‘कलंदरा’ म्हणतात. मुंबईकडची ‘चॅप्टर केस’ ती हीच. तिकडे दोन्ही पक्षांत समेट झाला की ‘राजीनामा’ झाला म्हणतात, दोघे राजी झाले म्हणून. पण ज्याची शांतता बिघडली तो तिसरा त्या समेटाच्या कागदावर कधीच नसतो.

या तिसऱ्याचे काय करायचे, यावर इंग्लंडने पुढे वेगळी वाट धरली. १९६० च्या दशकात तिथल्या सर्वोच्च पीठाने अफ्रेला सार्वजनिक जागेची गरज नाही असे ठरवले. १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने जुना गुन्हा रद्द करून नवा घडवला : बेकायदेशीर हिंसा केली किंवा तिची धमकी दिली, आणि तिथे असता तर धीराच्या साधारण माणसालाही स्वतःच्या सुरक्षिततेची भीती वाटली असती, की गुन्हा पूर्ण. तो माणूस तिथे प्रत्यक्ष असण्याची गरज नाही. जागा घराची असली तरी चालते. लढणारा एकटा असला तरी चालतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. इंग्लंडने भीतीची फांदी धरली आणि ती शेवटपर्यंत नेली. भारताने शांततेची धरली आणि तिथेच राहिला. इंग्लंडचा तिसरा माणूस कल्पनेतला आहे, पण भक्कम आहे. आपला तिसरा म्हणजे सगळे, त्यामुळे तो अधिक खरा असूनही सहज विसरला जातो.

तो किती विसरला गेला हे शिक्षेत दिसते. कलम १६० ने १८६० मध्ये एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे ठरवले. त्या काळी १०० रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. तो आकडा जून २०२४ च्या अखेरच्या दिवसापर्यंत तसाच राहिला. नव्या संहितेने तो १,००० केला. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र आहे, खटला कोणत्याही दंडाधिकाऱ्यापुढे चालतो. व्यवहारात दंड भरला जातो, पावती मिळते, दोघे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. चौकाच्या वाट्याला काहीच येत नाही.

आणि इथे नव्या संहितेने हातची संधी घालवली असे मला मनापासून वाटते. तिच्या कलम ४ ने शिक्षांच्या यादीत पहिल्यांदाच ‘सामुदायिक सेवा’ आणली. सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला, कलम ३५५ खाली, ती देता येते. छोट्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याला, चोरलेला ऐवज परत केल्यास, देता येते. अब्रुनुकसानीत देता येते. दंगलीत देता येत नाही. सबंध संहितेत ज्या गुन्ह्याची व्याख्याच ‘सर्वांचे बिघडवले’ अशी आहे, त्याच्या शिक्षेत ‘सर्वांचे दुरुस्त करा’ हे नाही. व्याख्या लिहिणाऱ्यांनी ‘सार्वजनिक’ हा शब्द दोनदा लिहिला. शिक्षा लिहिणाऱ्यांनी तो एकदाही वाचला नाही.

कलम १९४ च्या दुसऱ्या पोटकलमात ‘किंवा सामुदायिक सेवा’ एवढे शब्द घालायला संसदेला एक छोटी दुरुस्ती पुरेल. बाटा चौकात ज्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या त्यांना दंडाधिकाऱ्याने आठवडाभर त्याच चौकात रहदारी पोलिसाच्या हाताखाली शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभे करावे. दोघांना, एकत्र. ‘ते’ या सर्वनामाने ज्यांना गुन्ह्यात बांधले, त्यांना भरपाईतही बांधावे. शंभराच्या जागी हजार लिहिल्याने दंडाची पावती मोठी झाली. चौकातल्या लोकांना त्यांची शांतता परत करण्याचे काम अजून कायद्याने कोणाकडेच सोपवलेले नाही, आणि ते ज्यांनी बिघडवली त्यांच्याकडेच सोपवले पाहिजे.